पिचरचा हिवाळी सौदा पटला का? ठरवण्याआधी एवढं तपासा

वर्ल्ड सिरीज संपली की बेसबॉलची मैदानं ओस पडतात आणि वाचकांच्या प्रश्नांचा ओघ सुरू होतो. विचारणारे कधी सनीव्हेल-फ्रीमॉन्टकडचे असतात, मुलं लिटल लीगमध्ये खेळायला लागल्यावर स्वतःही सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या नादी लागलेले. कधी पुण्या-ठाण्याचे असतात, ओरॅकल पार्कमधला रात्रीचा सामना सकाळी सव्वासातला चहाबरोबर लावणारे. प्रश्न मात्र तेच ते. इतका चांगला पिचर हातचा जाऊ का दिला? चाळिशी उलटलेल्या माणसावर दीड कोटी डॉलर का घातले? पैसा आहे तर सगळ्यात महागडा पिचर का आणत नाहीत?

या प्रश्नांची उत्तरं दर वर्षी बदलतात. ती शोधायची रीत मात्र बदलत नाही. पिचरच्या प्रत्येक सौद्याला तीन गोष्टी विचारा: किती इनिंग्ज मिळतील, त्यासाठी काय मोजलं, आणि तो निघून गेला तर हाती काय उरेल? उदाहरणं जायंट्सची घेतली आहेत. तुमची टीम दुसरी असेल, तरी पायऱ्या याच.

आधी हिवाळ्याचं वेळापत्रक लक्षात ठेवा

अर्धा गोंधळ कोणता निर्णय कधी होतो हे माहीत नसल्यामुळे होतो.

- वर्ल्ड सिरीजनंतरचे पाच दिवस: करारातली पुढची वर्षं चालू ठेवायची की सोडायची, हे बहुतेक वेळा याच दिवसांत ठरतं. पाच दिवसांनंतर फ्री एजंट कोणत्याही टीमशी करार करू शकतात.
- नोव्हेंबरचा तिसरा आठवडा: टीमने दिलेली ‘क्वालिफाइंग ऑफर’ घ्यायची की नाकारायची, याची मुदत. याच सुमारास ४० जणांची यादी पक्की होते आणि काही खेळाडूंना पुढच्या वर्षाचा करार न देता मोकळं केलं जातं.
- डिसेंबर: विंटर मीटिंग्ज आणि रूल फाइव्ह ड्राफ्ट, म्हणजे दुसऱ्या टीमचे यादीबाहेरचे खेळाडू उचलण्याची संधी.
- जानेवारी: लवादाकडे जाऊ शकणारे खेळाडू आणि टीम आपापले पगाराचे आकडे मांडतात.
- फेब्रुवारीचा मध्य: पिचर आणि कॅचर सरावाला हजर होतात. जायंट्सचा मुक्काम ॲरिझोनात, स्कॉट्सडेलला असतो.

डिसेंबर उजाडला तरी काही झालं नाही म्हणून लगेच नाराज होऊ नका. ब्लेक स्नेलने सर्वोत्तम पिचरचं २०२३ चं साय यंग पारितोषिक मिळवलं होतं, तरी जायंट्सशी त्याचा करार थेट मार्च २०२४ मध्ये झाला. उशिराची किंमत मात्र असते. सरावाविना मैदानात उतरलेल्या स्नेलचे पहिले सहा सामने फार वाईट गेले आणि मध्येच दुखापतीही झाल्या.

पायरी १: १,४५८ इनिंग्जचा हिशेब कागदावर मांडा

सीझनमध्ये १६२ सामने, प्रत्येकी नऊ इनिंग्ज, म्हणजे १,४५८. जादा इनिंग्जमुळे किंवा परक्या मैदानावर हरताना आठच इनिंग्ज टाकल्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण हिशेबाला एवढा पुरे. या इनिंग्ज कोण टाकणार, हे ज्या टीमला नीट सांगता येत नाही, ती ऑगस्टमध्ये अडचणीत येते.

२०२४ चा सीझन संपल्यावर स्नेल जायंट्सला सोडून गेला. तेव्हाच्या पिचरांचा हिशेब, मागच्या कामगिरीवरून आणि हात राखून, असा मांडता आला असता:

- लोगन वेब: २००
- रॉबी रे: १३० (कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर जुलै २०२४ मध्ये परतला, त्या वर्षी जेमतेम ३० इनिंग्ज)
- काइल हॅरिसन: १२०
- जॉर्डन हिक्स: ११०
- हेडन बर्डसाँग: ८०
- बुलपेनमधले (सामना सुरू करणाऱ्या स्टार्टरनंतर उतरणारे रिलिव्हर) आठ जण, प्रत्येकी ६०: ४८०

बेरीज १,१२०. म्हणजे ३३८ इनिंग्जना वाली नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये जस्टिन व्हर्लँडरला एका वर्षासाठी दीड कोटी डॉलर दिले, ते या भगदाडाकडे बघून. २०२४ मध्ये त्याने मान आणि खांद्याच्या दुखण्यांमुळे फक्त ९० इनिंग्ज टाकल्या होत्या. त्याच्या १२० धरल्या तरी दोनशेच्या वर उरत होत्या, आणि त्या तरुण पोरांनीच भरायच्या होत्या.

पुढे काय झालं? वेबने २०७, रेने १८० च्या वर आणि व्हर्लँडरने १५२ इनिंग्ज टाकल्या. हिक्स आणि हॅरिसन जूनमध्येच राफाएल डेव्हर्सच्या बदल्यात बॉस्टनला गेले आणि वरच्या यादीत नसलेल्या लँडन रूपने शंभरावर इनिंग्ज टाकल्या. म्हणून तुमच्या कागदावर पाच नावं लिहून थांबू नका. सहावा, सातवा आणि आठवा स्टार्टर कोण, हेही लिहा. ती नावं सुचत नसतील, तर टीमने हिवाळ्यात पुरेसं काम केलेलं नाही.

पायरी २: टीमने कोणता मार्ग निवडला ते ओळखा

प्रत्येक मार्गाची किंमत वेगळी आणि धोकाही वेगळा.

1. मोठा फ्री एजंट, लांब मुदत: पिचरचा हात किती वर्षं टिकेल हा इथला कळीचा प्रश्न. जायंट्सने डिसेंबर २००६ मध्ये बॅरी झिटोला सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर दिले. पिचरला मिळालेला तोवरचा तो सर्वांत मोठा करार होता. २०१० मध्ये टीम वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा झिटोला प्लेऑफच्या संघात जागाच नव्हती. २०१२ मध्ये त्यानेच सेंट लुईसमध्ये हरलो तर घरी अशा सामन्यात टीमला तारलं आणि वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना जिंकून दिला. लांब करारात असे दोन्ही दिवस येतात, पगार मात्र दर वर्षी द्यावा लागतो.
2. एक वर्षाचा अनुभवी पिचर: पैसा मर्यादित, गुंतवणूक छोटी. त्याच्याकडून चमत्काराची नव्हे, इनिंग्जची अपेक्षा ठेवा.
3. अदलाबदल: जानेवारी २०२४ मध्ये जायंट्सने मिच हॅनिगर आणि अँथनी डिस्क्लाफानी देऊन सिॲटलकडून रे घेतला, तोही शस्त्रक्रियेतून सावरत असताना. पहिलं वर्ष जवळपास रिकामं गेलं, २०२५ मध्ये तो ऑल-स्टार झाला. अशा सौद्यात मिळालेल्या पूर्ण मुदतीचा हिशेब करा.
4. घरच्या पिचरशी वेळेवर लांब करार: वेब २०१४ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत मिळालेला, कॅलिफोर्नियातल्याच रॉकलिनचा मुलगा. एप्रिल २०२३ मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा नऊ कोटींचा करार झाला.
5. रिलिव्हरला स्टार्टर करणं: जानेवारी २०२४ मध्ये हिक्सला चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलर याच आशेने दिले. सुरुवात छान झाली, पण जुलैअखेर दमछाक होऊन तो पुन्हा बुलपेनमध्ये गेला. ज्याने पूर्वी कधी शंभर इनिंग्ज टाकल्या नाहीत, त्याच्या नावापुढे दीडशे लिहू नका.
6. जपानमधून येणारा पिचर: खेळाडूच्या कराराशिवाय बहुतेक वेळा त्याच्या जपानी टीमलाही रक्कम द्यावी लागते: पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यापुढे १५ टक्के. बातमीतल्या आकड्यात ही रक्कम बहुधा धरलेली नसते.

पायरी ३: करारातल्या अटी वाचा

बातमीत वर्षं आणि एकूण रक्कम ठळक असते. निर्णय बरा की वाईट, हे ठरतं खालच्या ओळींत.

- ऑप्ट-आउट: करार मध्येच सोडून जाण्याची खेळाडूला मुभा. तो चांगला खेळला तर जातो, जखमी झाला तर राहतो. धोका जवळपास सगळा टीमकडे.
- क्वालिफाइंग ऑफर: लीगमधल्या सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंच्या सरासरीइतका एका वर्षाचा पगार. २०२५ च्या सीझननंतर ही रक्कम २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर होती. खेळाडूने ती नाकारून दुसरीकडे करार केला, तर जुन्या टीमला भरपाई म्हणून ड्राफ्टमधली निवड मिळते आणि नव्या टीमला आपली निवड गमवावी लागते. एका खेळाडूला ही ऑफर आयुष्यात एकदाच देता येते.

ही शेवटची अट किती महाग पडू शकते, ते तीन नावांत दिसतं. केव्हिन गॉसमनने २०२० नंतर जायंट्सची ऑफर स्वीकारली, २०२१ मध्ये उत्तम खेळला आणि टोरँटोला गेला. दुसऱ्यांदा ऑफर देता येत नसल्याने जायंट्सना भरपाई शून्य. कार्लोस रोडोनच्या करारात ११० इनिंग्ज टाकल्या तर बाहेर पडण्याची मुभा होती. २०२२ मध्ये त्याने १७८ टाकल्या, ऑफर नाकारली, यांकीजकडे गेला आणि जायंट्सना ड्राफ्टमधली निवड मिळाली. स्नेलला सान डिएगोने आधीच ऑफर दिलेली होती. त्यामुळे त्याला घेताना जायंट्सने निवड गमावली आणि एका वर्षाने तो डॉजर्सकडे गेला तेव्हा बदल्यात काहीच आलं नाही.

- लक्झरी टॅक्स: आयपीएलच्या लिलावात ठरलेल्या रकमेपुढे एक रुपयाही खर्चता येत नाही. मेजर लीगमध्ये अशी पक्की मर्यादा नाही. एक रेषा आहे, २०२५ मध्ये २४ कोटी १० लाख आणि २०२६ साठी २४ कोटी ४० लाख डॉलर. ती ओलांडली की वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी ५० टक्के कर. फार पुढे गेल्यास आणखी अधिभार. हिशेबात कराराची वार्षिक सरासरी धरतात. ‘पैसे नाहीत’ असं टीम म्हणते, तेव्हा ती या रेषेच्या किती खाली आहे ते पाहा. सध्याचा सामूहिक करार २०२२ ते २०२६ पर्यंतचा आहे. त्यानंतर हे नियम बदलू शकतात.

पायरी ४: आकडे मोजकेच घ्या

- हार-जीत बाजूला ठेवा. व्हर्लँडरला २०२५ मध्ये पहिला विजय सतराव्या सामन्यात मिळाला. वर्षाअखेर ४ विजय, ११ पराभव. तरी त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा, ३.८५ होता. बॅटरांनी धावा काढल्या नाहीत, ही त्याची चूक नव्हे.
- स्ट्राइकआउट आणि वॉक यांतला फरक बघा. एकूण बॅटरांपैकी किती टक्के स्ट्राइकआउट, त्यातून किती टक्के वॉक वजा? क्षेत्ररक्षण किंवा नशिबाचा यात फारसा हात नसतो. सलग दोन वर्षं हा फरक घटत असेल तर सावध व्हा.
- वेग बघा. चेंडूचा सरासरी वेग अचानक उतरला असेल, तर दुखापतीची शंका घ्यावी.
- मैदान विसरू नका. ओरॅकल पार्कमध्ये होमरन काढणं अवघड. तिथे येऊन पिचरचा ईआरए सुधारला, तर थोडं श्रेय मैदानाला द्या.
- एका इनिंगची किंमत काढा. व्हर्लँडरच्या २०२५ मधल्या प्रत्येक इनिंगला साधारण एक लाख डॉलर पडले. वेबची वार्षिक सरासरी १ कोटी ८० लाख. २०२५ च्या २०७ इनिंग्जनी भागली तर सुमारे ८७ हजार. स्नेलच्या २०२४ च्या १०४ इनिंग्जसाठी बोनससह ३ कोटी २० लाख, म्हणजे इनिंगला तीन लाखांहून अधिक. स्नेलने सीझनच्या उत्तरार्धात अप्रतिम गोलंदाजी केली, २ ऑगस्टला सिनसिनाटीत नो-हिटरही टाकला. ते श्रेय त्याला द्याच, पण पहिले तीन महिनेही त्याच पगारातले होते.

फसगत कुठे होते?

- निकालावरून निर्णय तोलणं. डिसेंबर २०२४ मध्ये कॉर्बिन बर्न्स सहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलरला ॲरिझोनाकडे गेला. त्याच्यासाठी जायंट्सचंही नाव घेतलं जात होतं, त्यामुळे अनेक चाहते चिडले. जून २०२५ मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि तेच चाहते ‘बरं झालं, घेतला नाही’ म्हणू लागले. दोन्ही वेळा विचार अपुरा होता. करार झाला त्या दिवशी काय ठाऊक होतं, त्यावर मत बनवा.
- सगळे धडधाकट राहतील असं धरणं. टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर पिचर परतायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. जायंट्सचा रिलिव्हर रँडी रॉड्रिग्ज २०२५ मध्ये ऑल-स्टार होता. सप्टेंबरमध्ये ही शस्त्रक्रिया झाली आणि २०२६ च्या हिशेबातून त्याचं नाव खोडावं लागलं.
- वैद्यकीय तपासणीआधीच जल्लोष. डिसेंबर २०२२ मध्ये शॉर्टस्टॉप कार्लोस कोरेयाशी जायंट्सचा ३५ कोटींचा करार तपासणीनंतर फिसकटला. पिचरच्या खांद्या-कोपराच्या बाबतीत ही तपासणी आणखी कडक असते.
- बुलपेनकडे दुर्लक्ष. जुलै २०२५ मध्ये टायलर रॉजर्स मेट्सकडे आणि कमिलो डोव्हाल यांकीजकडे गेला. अशा वेळी हिवाळ्यात सगळं लक्ष स्टार्टरवर राहिलं, तर आठव्या-नवव्या इनिंगला हातातले सामने निसटतात.
- सरावसामन्यांवर भाळणं. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत, निम्म्या राखीव खेळाडूंसमोर टाकलेल्या दहा-बारा इनिंग्जवरून मत बदलू नका.

पिचरचे हक्क: टीमचे हात कुठे बांधलेले असतात

‘त्याला सोडायला नको होतं’ किंवा ‘त्याला खाली पाठवा’ म्हणण्याआधी हे माहीत हवं.

- मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. अशी सहा वर्षं भरली आणि करार संपला, की पिचर फ्री एजंट. त्याला अडवता येत नाही.
- तीन वर्षं भरली की पगारासाठी तो लवादाकडे जाऊ शकतो. लवाद टीमचा किंवा खेळाडूचा, दोनपैकी एकच आकडा निवडतो. मधला काढत नाही.
- साधारणतः तीन सीझन त्याला मोकळेपणी मायनर लीगमध्ये पाठवता येतं. पुढे पाठवायचं तर आधी इतर टीमना त्याला घेण्याची संधी द्यावी लागते. पाच वर्षं सेवा झाली की त्याच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही.
- दहा वर्षांची सेवा आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीमकडे झाली असतील, तर तो अदलाबदल नाकारू शकतो.
- खेळताना दुखापत झाली तरी मेजर लीगच्या हमीच्या कराराचे पैसे त्याला मिळतात. जखमी पिचर ‘फुकटचा पगार खातो’ असं म्हणणं अन्यायाचं आहे.
- रूल फाइव्हमध्ये उचललेला पिचर संपूर्ण सीझन २६ जणांच्या संघात ठेवावा लागतो, नाहीतर जुन्या टीमला परत देऊ करावा लागतो. संघात १३ च पिचर चालतात, म्हणून अशी एक जागा अडवणं सोपं नसतं.

मत बनवताना हे पाच प्रश्न

1. हा पिचर आल्यावर १,४५८ मधल्या किती इनिंग्ज भरल्या, आणि अजून किती रिकाम्या आहेत?
2. मागच्या दोन वर्षांत त्याने प्रत्यक्षात किती टाकल्या?
3. करार मध्येच सोडण्याची मुभा कोणाला आहे?
4. तो गेला तर ड्राफ्टमधली निवड मिळेल का, आणि घेताना एखादी गमावली का?
5. त्याच्यामुळे घरच्या तरुण पिचरची संधी अडली, की त्याला शिकायला वेळ मिळाला?

उत्तरं एकेका ओळीत लिहा, तारीख घाला, आणि सीझन संपल्यावर पुन्हा वाचा. दोन-तीन हिवाळ्यांत तुमची नजर बातमीतल्या आकड्याकडून करारातल्या अटींकडे वळेल.

हे प्रश्न जायंट्सच्या गेल्या काही वर्षांना लावल्यावर माझं मत ठाम झालं आहे. गॉसमन, रोडोन, स्नेल हे तिघेही उत्तम पिचर होते आणि तिघेही लवकर निघून गेले. थोड्या मुदतीच्या अशा सौद्यांनी टीमला चांगले महिने दिले, पण पाया दिला नाही. तो दिला वेबने. २०२३ मध्ये २१६ इनिंग्ज टाकून तो मेजर लीगमध्ये पहिला आला आणि पुढची दोन वर्षंही दोनशेच्या खाली उतरला नाही. म्हणून आपल्या टीमकडून मागणी करायचीच असेल, तर ती ही करा: घरचा पिचर तयार झाला आणि त्याचा हात धडधाकट दिसला, की फ्री एजन्सीची वाट न बघता त्याच्याशी करार करा, आणि बाजारातून फक्त उरलेल्या इनिंग्ज घ्या. तिकीट काढून, पहाटे उठून, वर्षानुवर्षं टीमसोबत राहणाऱ्या चाहत्याला एवढी दूरदृष्टी मागण्याचा पूर्ण हक्क आहे.